गिटारसाठी लाकूड: वाड्याचा सागवान की बांधावरचा आंबा?

सोलापुरात राहून स्वतःची इलेक्ट्रिक गिटार घडवायची आणि तिच्यासाठी परदेशी मेपल किंवा महोगनी मागवायची नाही, असे एकदा ठरले की निवड लवकरच दोन लाकडांवर येऊन थांबते. एक म्हणजे पाडलेल्या वाड्यांच्या तुळया-खांबांतून निघणारा जुना सागवान आणि दुसरे म्हणजे फळ द्यायचे थांबलेल्या, शेताच्या बांधावरील झाडाचा आंबा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांसाठी लागणारे भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढा भागातून जातात. तेव्हा वाद्याचे साहित्य जवळपास शोधणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. मी या दोन्ही लाकडांच्या गिटारी केल्या आहेत आणि दोन्ही वाजवतो.

निसर्गाचे नुकसान टाळण्याच्या दृष्टीने दोन्ही पर्याय चांगले आहेत. जुन्या सागवानासाठी नवे झाड पडत नाही. आंब्याचे झाड पडते, पण ते मुळात फळासाठी लावलेले असते. मात्र महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आंबाही असल्यामुळे झाड परवानगीने तोडले आहे का, हे वखारीत विचारून घ्यावे.

कामाच्या सोयीत आंबा उजवा ठरतो, हे मान्य केलेच पाहिजे. बॉडीला, म्हणजे गिटारच्या मुख्य धडाला, साधारण 20 इंच लांब, 14 इंच रुंद आणि 1.75 इंच जाड फळी लागते, म्हणजे पाव घनफुटाहून थोडे अधिक लाकूड. आंब्याच्या बुंध्यातून एवढी रुंद फळी सलग मिळू शकते आणि तिच्यातल्या करड्या-काळसर रेषा पॉलिशखाली फार सुंदर दिसतात. सागवानाची तुळई सहसा एवढी रुंद नसते, त्यामुळे दोन-तीन तुकडे जोडावे लागतात. आणि हे लाकूड तेलकट असल्याने रंधा मारल्यावर लगेच, ताज्या पृष्ठभागावरच सरस लावावा लागतो. सागवानातील सिलिकामुळे पात्यांची धार लवकर जाते. त्यात एखादा तुटलेला खिळा आत दडलेला असला तर राऊटरचे (खाचा कोरणाऱ्या यंत्राचे) पाते तत्क्षणी निकामी होते, म्हणून कापण्यापूर्वी प्रत्येक बाजूवरून चुंबक फिरवणे अनिवार्य आहे.

आवाजाविषयी मी जपून बोलेन. भरीव बॉडीच्या गिटारमध्ये चुंबकीय पिकअप तारेचे कंपन टिपतो, त्यामुळे पिकअप, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि तारा यांचा वाटा लाकडापेक्षा मोठा असावा असे मला वाटते. तरीही माझ्या कानाला सागवानावर स्वर किंचित जास्त वेळ रेंगाळतो, आणि आंब्यावर तो थोडा मऊ लागतो. दुसऱ्या कोणाला याच्या उलटही वाटू शकेल.

माझ्यासाठी निर्णय झाला तो भुग्यामुळे. आंब्याची फळी वखारीतून चांगली वाळलेली म्हणून मिळाली होती. बॉडी पूर्ण झाली, पॉलिश चढले, तारा लागल्या आणि पुढे काही महिन्यांनी गिटारखाली पिठासारख्या बारीक पिवळसर भुग्याची चिमूटभर रास दिसू लागली. ती पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच असे. पाठीमागचे प्लास्टिकचे झाकण उघडले, तेव्हा व्हॉल्यूमच्या पॉटशेजारी (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाशेजारी) टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे होती आणि वायरींवर तोच भुगा साचलेला होता. आंब्याच्या लाकडातील पिष्टावर हा किडा जगतो; तो आतून पोखरत राहतो आणि बाहेर पडतो तेव्हाच आपल्याला दिसतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण लाकूड ओले असतानाच नीट मुरते, तयार पॉलिशवरून त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. निर्यातीच्या लाकडी खोक्यांतली कीड मारण्यासाठी लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे राखण्याचा दंडक आहे. आपल्याकडचे मे महिन्यातील ऊन कितीही कडक असले तरी ते जाड फळीच्या आतपर्यंत तसे पोहोचेल, यावर भरवसा ठेवता येत नाही.

सागवानाच्या गाभ्याला ही कीड सहसा लागत नाही, आणि उन्हाळ्यातील कोरडेपणा व श्रावणातील दमट हवा यांत ते लाकूड फार थोडे फुगते-आकसते. नेकही (गिटारची लांब मान) मी सागवानाचाच केला आहे. त्याचा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक नीट करणारी आतली धातूची सळई, मला क्वचितच फिरवावा लागतो. फ्रेटबोर्डला, म्हणजे तारा दाबायच्या नेकवरच्या पट्टीला, मात्र बाभळीचा गाभा वापरावा. बैलगाडीच्या चाकांना चालणारे हे कठीण लाकूड बोटांखाली लवकर झिजत नाही.

भट्टीत तापवून सुकवलेला आणि ओला असतानाच औषध मुरवलेला आंबा खात्रीने मिळत असेल, तर सलग रुंद फळी आणि देखणेपणा यांसाठी तो जरूर घ्यावा. तशी खात्री देणारा विक्रेता जवळ नसेल, तर जुन्या लाकडाच्या वखारीत जाऊन कडेचा पांढरा भाग नसलेली, एका टोकाला ताजा काप देऊन दाखवलेली सागवानी तुळई निवडावी आणि जाताना खिशात चुंबक ठेवावे.