दांडिया बाजारातला मेटाप्रोग्रामिंगचा वीकेंड कोर्स: रूबी-पायथनवाल्यांनी जरूर करा, जावास्क्रिप्टवाल्यांनी आधी विचारून घ्या

५ पैकी ४ स्टार देतेय. क्लासचं नाव टाकत नाही, जाहिरातही नको आणि बदनामीही नको, बडोद्यातल्या आयटीवाल्यांना विचाराल तर कळेलच.

विषय एकच, मेटाप्रोग्रामिंग, म्हणजे प्रोग्रामने चालता चालता स्वतःचंच वागणं बदलणं. ऑब्जेक्टवर (डेटा आणि त्याची कामं एकत्र बांधलेली वस्तू) जी मेथड (त्यातलं एखादं काम) नाहीच ती कोणी कॉल केली तर लॅंग्वेज काय करते, आणि जी आहे तिच्या मधे आपण कसं घुसायचं. ऐकायला बारीक वाटतं पण आपण रोज वापरतो त्या फ्रेमवर्कची बरीचशी जादू इथेच आहे, आणि प्रत्येक लॅंग्वेजची तऱ्हा वेगळी. सरांनी सुरुवात थेट स्मॉलटॉक या जुन्या लॅंग्वेजपासून केली, तिथे अनोळखी मेसेज आला की ऑब्जेक्टला 'डझ नॉट अंडरस्टँड' जातो, आणि सोबत मेसेजचं नाव, आर्ग्युमेंट्स सगळं पॅक करून मिळतं. रूबीचं मेथड मिसिंग (न सापडलेला कॉल जिथे येतो ती मेथड) सरळ त्याच घराण्यातलं.

रूबीचा भाग मला सगळ्यात आवडला कारण सरांनी जादू कमी आणि मार कुठे बसतो ते जास्त दाखवलं. मेथड मिसिंग लिहिलं, आणि जे नाव आपलं नाही त्यासाठी सुपर कॉल केलं नाही, म्हणजे तो वरच्या क्लासकडे पाठवला नाही, तर झालं, स्पेलिंग चुकलेला कॉलसुद्धा गपचूप निल (म्हणजे 'काहीच नाही') देऊन जातो आणि तुम्ही तीन फाइली पलीकडे बग शोधत बसता. त्याहून वाईट म्हणजे मेथड मिसिंगच्या आतच व्हेरिएबलचं नाव चुकलं तर रूबी त्यालाही मेथड कॉलच समजते, ती सापडत नाही, परत मेथड मिसिंग, परत तेच, शेवटी स्टॅक लेव्हल टू डीप ही एरर. हे त्यांनी प्रोजेक्टरवर मुद्दाम करून दाखवलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी 'ले भाई' म्हणालं. रिस्पॉन्ड टू मिसिंग ('ही मेथड तुला येते का' याचं उत्तर देणारं, रूबी १.९.२ पासून आहे) सोबत लिहायलाच हवं, नाहीतर ऑब्जेक्ट काम करतो पण विचारलं तर नाही म्हणतो, हेही नीट समजावलं. रेल्स या रूबीच्या वेब फ्रेमवर्कचं उदाहरण मस्त होतं: फाइंड बाय ईमेल (ईमेलवरून रेकॉर्ड शोधणं) पहिल्यांदा मेथड मिसिंगमधून येतं, रेल्स तिथल्या तिथे खरी मेथड डिफाइन करून टाकतं, दुसऱ्यांदा हा वळसा नाहीच. आणि असलेल्या मेथडला गाठायचं असेल तर रूबी २.० मध्ये आलेलं प्रीपेंड (आपला कोड मूळ मेथडच्या आधी लावणं) वापरा, जुन्या एलियसच्या (मूळ मेथडला दुसरं नाव देऊन बदलायच्या) साखळ्या नकोत. यावर तर त्यांनी वादच होऊ दिला नाही.

पायथनला गेटॲट्र आणि गेटॲट्रिब्यूट, म्हणजे ऑब्जेक्टवरचं नाव शोधताना चालणाऱ्या दोन मेथड, या दोघांत लोक कायम घोळ घालतात. सर म्हणाले गेटॲट्रिब्यूट म्हणजे सोसायटीचा तो वॉचमन जो रोज येणाऱ्या घरमालकालाही वही भरायला लावतो, आणि गेटॲट्रला फक्त ज्याला फ्लॅट सापडला नाही तोच जाऊन विचारतो. एकदम डोक्यात बसलं. मग खरं टेक्निकल आलं, लेन (लांबी सांगणारं) सारखे फंक्शन डंडर मेथड (नावाला दोन-दोन अंडरस्कोर असलेली) थेट क्लासवर शोधतात, इन्स्टन्सच्या गेटॲट्रला विचारतही नाहीत, म्हणून रॅपर (दुसरा ऑब्जेक्ट आत ठेवून कॉल त्याच्याकडे पाठवणारा) बनवलात तरी लेन टाइपएरर देणार. आणि कॉपी! कॉपी मॉड्यूल ऑब्जेक्ट बनवताना इनिट (एरवी ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड) चालवत नाही, मग रॅपरच्या आतला ऑब्जेक्ट, म्हणजे टार्गेट, अजून नसतोच, गेटॲट्र तोच टार्गेट मागतो, रिकर्शनएरर. कामावर असा रॅपर असेल तर या एका उदाहरणावर फी वसूल.

पीएचपी ठीकठाक. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कचे फसाड (क्लासच्या नावावरून थेट कॉल करायची सोय) कॉलस्टॅटिकवर (क्लासवर न सापडलेला कॉल जिथे येतो) चालतात हे आमच्या बॅचमधल्या निम्म्यांना माहीत होतंच. एक मात्र नवीन कळलं, बाहेरून प्रायव्हेट मेथड कॉल केली आणि क्लासमध्ये डंडर कॉल (पीएचपीचं मेथड मिसिंग) असेल तर एररऐवजी तीच तिकडे वळते. हे विषारी आहे हो.

आता एक स्टार कुठे गेला. जावास्क्रिप्ट शेवटच्या अर्ध्या तासात, तेही सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असताना. प्रॉक्सी (ऑब्जेक्टच्या पुढे उभी राहणारी मध्यस्थ) २०१५ च्या स्टँडर्डमध्ये आली, त्यात गेट ट्रॅप (प्रॉपर्टी वाचली की चालणारा कोड) असतो, एवढं सांगून संपवलं. अहो पण जावास्क्रिप्टमध्ये मेथड मिसिंग असं वेगळं काही नाहीच ना, आधी प्रॉपर्टी वाचली जाते मग कॉल होते, त्यामुळे गेटमध्ये तुम्हाला कळतच नाही की समोरचा नुसता वाचतोय की कॉल करणार आहे. आणि प्रत्येक नावाला फंक्शन परत देणारी प्रॉक्सी अवेट करून (तिच्या निकालाची वाट बघून) बघा, अवेट तिचं 'देन' मागतं, प्रॉक्सी खुशाल फंक्शन देते, ते रिझॉल्व्ह ('निकाल आला' हे सांगणारं फंक्शन) कधी बोलावतच नाही, प्रोग्राम लटकला. एरर नाही काही नाही. हे शिकवायला हवं होतं, विचारलं तर सर म्हणाले 'बेन, पुढच्या बॅचला घेऊ'. पुढच्या बॅचचे पैसे कोण देणार?

बाकी सर शिकवतात मराठीत, मधेच गुजराती, सगळ्यांना चालतं. एसी आहे पण शेवटच्या रांगेला पोचत नाही. पार्किंग विसरा, टू व्हीलरच न्या. रूबी किंवा पायथन निदान सहा महिने हातात असेल तरच जा, नवशिक्यांसाठी नाही. नोट्स प्रिंट करून देतात, त्यातल्या कोडचा फॉन्ट मुंगीएवढा आहे, पीडीएफ मागून घ्या, मागितल्यावर देतात.