गाठाळ यू, बांबू की धामण : क्रॉसबोच्या कमानीसाठी कोल्हापुरात काय परवडतं?

कोल्हापुरात क्रॉसबो, म्हणजे दांड्यावर आडवी कमान बसवलेलं खटक्याचं धनुष्य, करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा परदेशी व्हिडिओ बघून आलेला असतो आणि त्याला यू या झाडाचंच लाकूड हवं असतं. त्यात वावगं काही नाही. मध्ययुगीन युरोपात क्रॉसबोला यूच्या कमानी असत, पोलादी कमान नंतरची. 1545 साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्लिश जहाजातून शंभरावर यूची धनुष्यं सापडली. पण सरळ, स्वच्छ नसेचं, म्हणजे धाग्यांचं, यू सहसा तुमच्या-आमच्यापर्यंत पोचत नाही. पोचतं ते गाठाळ, कुणीतरी बाजूला टाकलेलं. मग ते घासत बसायचं, की शाहूवाडी-गगनबावड्याकडचा बांबू उचलायचा, की धामण या झाडाचा दांडा शोधायचा?

माझं मत आधीच सांगतो. पहिली कमान बांबूची करा. यू विकत आणायचा विचार असेल तर थांबा; आधीच घरात येऊन पडलं असेल तर मात्र ते फुकट घालवू नका.

चौथा पर्याय कुणीतरी सुचवतोच : उद्यमनगरात ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा मिळतो, तोच बसवू. नको. पाटा गाडीचं ओझं पेलायला केलेला असतो. तो घासून पातळ करताना तापला की त्याचं पाणी उतरतं, आणि ग्राइंडरचा एखादा ओरखडा राहिला तर पोलाद तिथूनच तुटून उडतं. लाकूड मोडण्याआधी बहुधा कुरकुरतं, पोलाद तेवढीही सूचना देत नाही.

यूचं कौतुक कशासाठी, ते समजून घ्या म्हणजे गाठीचं काय करायचं तेही समजेल. एकाच फांदीत दोन लाकडं असतात. सालीलगतचं पांढरं लाकूड ताण छान सोसतं, आतली तांबूस नार दाब सोसते. कमान ओढली की पाठीला, म्हणजे नेमबाजापासून लांबच्या अंगाला, ताण येतो आणि पोटाला दाब. म्हणजे जिथे जे हवं ते यूमध्ये झाडानेच लावून दिलेलं असतं. शिवाय यू ताठपणाला कमी आणि मजबुतीला जास्त, म्हणून मोडायच्या आधी पुष्कळ वाकतं.

गाठाळ यूला क्रॉसबोत एक फायदा आहे, तो लांब धनुष्यात मिळत नाही. लांब धनुष्याला पावणेदोन-दोन मीटरचा स्वच्छ तुकडा लागतो, कमानीला मीटर-सव्वामीटर पुरतो. त्यातही मधलं वीतभर लाकूड दांड्याला आवळून बांधलेलं असतं, ते जवळजवळ वाकतच नाही. टोकाकडची चार-सहा बोटंही ताठच ठेवायची असतात. म्हणून आराखडा काढताना फळी मागे-पुढे सरकवून सगळ्यात वाईट गाठ मध्यावर किंवा टोकाला जाते का ते बघा. निम्मं काम करवत लावण्याआधी, खडूनेच होतं.

उरलेल्या गाठी बोटाने चाचपून बघा. टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठींचा पुंजका दिसायला घाबरवतो, पण फार त्रास देत नाही. करंगळीएवढी गाठ आली की हिशेब वेगळा. तिच्याभोवती नस डोळ्याच्या आकारात फाकते आणि दोन बोटं पुढे जाऊन परत मिळते. अशी गाठ पाठीवर असेल तर तिच्याभोवतीचं लाकूड आजूबाजूपेक्षा दीड-दोन मिलिमीटर उंचच राहू द्यायचं. सुताराचा हात सवयीने तिथे रंधा मारून सफाई करायला जातो आणि तीच सफाई घात करते. गाठीवर चढणारी नस कापली गेली की ताणाखाली तिथूनच कपचा उठतो. गाठीजवळ रंधा आणि वाकस दोन्ही बाजूला ठेवा. कानस आणि काचेचा किंवा पत्र्याचा खरवडा, एवढंच.

पोटाकडची गाठ त्यामानाने सुसह्य. कडेने काळी, सुटी झालेली गाठ असेल तर ती पटाशीच्या टोकाने टोकरून काढा आणि त्याच लाकडाचा भुसा अराल्डाइटमध्ये कालवून भोक भरा. असा भराव दाब घेतो, ताण घेत नाही, म्हणून हा इलाज पाठीवर चालत नाही. काठावर अर्धी कापली गेलेली गाठ सगळ्यात वाईट. तिथे काठ सरळ रेषेत आणायचा हट्ट सोडून गाठीला वळसा घालून रुंदी वाढवायची. कमान दिसायला वेडीवाकडी होते. होऊ दे.

टिलरिंग, म्हणजे दोन्ही बाजूंचा वाक सारखा जुळवून आणणं, हे काम तिन्ही लाकडांत एकाच पद्धतीने सुरू होतं. भिंतीला पक्की फळी, तिच्यावर कमान, दोरी जमिनीजवळच्या कप्पीतून बाजूला काढलेली आणि मध्ये भंगारवाल्याकडे असतो तसा लटकता काटा. ओढणारा कमानीच्या रेषेत उभा राहत नाही. ठरवलेल्या वजनापेक्षा जास्त कधीच ओढायचं नाही. दर खरवडीनंतर वीस-तीस वेळा हलकं ओढून लाकडाला नव्या आकाराची सवय करून द्यायची आणि मगच पुन्हा बघायचं. पूर्ण ओढून धरून न्याहाळत बसू नका, फोटो काढा.

इथे एक आकडा डोक्यात पक्का ठेवा. जाडी 10 टक्के उतरवली तर त्या जागेचा ताठपणा साधारण 27 टक्के उतरतो. रुंदी 10 टक्के उतरवली तर 10 टक्केच. म्हणून जाडीत हात आखडता ठेवायचा आणि शेवटचे बारीक बदल काठावरून करायचे.

कुठे खरवडायचं हे सांगायला वीतभर सरळ पट्टी घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल बसवा. ओढलेल्या कमानीच्या पोटावरून पट्टी सरकवायची. जिथे वाक कमी तिथे पेन्सिल टेकते आणि रेघ उमटते. रेघ उमटली तिथे खरवडायचं. बांबू आणि धामणीत हा नियम डोळे झाकून पाळा. गाठाळ यूमध्ये तो पाळला की गाठीची वाट लागते, कारण गाठीजवळ मुद्दाम लाकूड जास्त ठेवलंय आणि पेन्सिल तिथे रेघ मारणारच. ती रेघ पुसून टाका आणि गाठीच्या अलीकडे-पलीकडे लांबवर वाक वाटून द्या. गाठीपाशी किंचित ताठपणा राहिलेली कमान वर्षानुवर्षं चालते. तिथेच बिजागरी झाली, म्हणजे सगळा वाक एकाच जागी आला, तर ती कमान गेली. हे ओळखायला नजर लागते आणि पहिल्याच कमानीला ती नसते, म्हणून मी यू पुढे ढकलायला सांगतोय.

आता बांबू. त्याची ताकद बाहेरच्या सालीत दाटलेली असते, म्हणून पाठीकडची साल अजिबात तासायची नाही. पेराच्या गाठींचं फक्त वर आलेलं टोक बोटाला टोचणार नाही इतपत घासायचं. आतला पडदा आणि पोटाकडचा फुगवटा मात्र सपाट करायचा. पेरं ठरावीक अंतरावर येतात, गाठ कुठे भेटणार ते आधीच दिसतं. एकाच बांबूच्या शेजारशेजारच्या दोन चिरफळ्या घेऊन मध्यावर जोडल्या तर दोन्ही बाजूंची पेरं समोरासमोर येतात आणि वाक जुळवणं निम्म्याने सोपं होतं. एका चिरफळीची जाडी कमी पडते, तेव्हा दोन-तीन थर अराल्डाइटने चिकटवा. पांढरा फेविकॉल सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. बांबूचा शत्रू भुंगा. पिठूळ भुकटी दिसली की तो तुकडा टाका. नवा बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवा. आपल्याकडचे भिल्ल धनुष्याला बांबूच वापरत आलेत, म्हणजे हा पर्याय नाइलाजाचा नव्हे.

धामण ही लवचिकपणाला नावाजलेली, अवजारांच्या दांड्यांना चालणारी. बांबूची पाठ आणि धामणीचं पोट ही जोडी मला कागदावर सगळ्यात आवडते. अडचण एकच : वखारीत मागितली तर हमखास मिळेल असं नाही, आणि मिळालेला तुकडा सरळ नसेचा व वाळलेला असेलच असंही नाही.

हवेचा मुद्दा तिन्हींना लागू आहे. हवेत 50 टक्के आर्द्रता असते तेव्हा लाकडात 9 टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं, 85 टक्क्यांना ते 18 पर्यंत जातं. ओलं लाकूड वाकवलं की वाकलेलंच राहतं. पंचगंगेला पाणी चढलेलं असताना टिलरिंग करू नका. फेब्रुवारी ते एप्रिल बरा. पावसाळ्यात कमान दोरी उतरवून कोरड्या जागी ठेवा. दोरी चढवून, खटक्याला अडकवून तर कधीच ठेवायची नाही.

ताकदीचा गैरसमजही काढून टाका. 45 किलोची, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारी, कमान 25 सेंटिमीटर ओढली तर साठणारी ऊर्जा सुमारे 55 ज्यूल. 20 किलोचं हातधनुष्य 50 सेंटिमीटर ओढलं तरी 49. म्हणजे जड कमान केली म्हणून बाण फार लांब जाईल असं नाही. पहिली कमान 25-30 किलोच्या वर नेऊ नका. निशाणा भरलेल्या पोत्यावर आणि मागे भिंत बघून लावायचा. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शस्त्र कायद्याबाबत करवत लावण्याआधीच जवळच्या पोलिस ठाण्यात विचारून घ्या.

यूच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. झाड विषारी आहे. भुसा उडतो तेव्हा तोंडाला मास्क हवा आणि चिलप्या गोठ्यात म्हशीखाली किंवा चुलीत टाकायच्या नाहीत. आणि आपल्या हिमालयातलं थुनेर हे यूचंच भावंड, पण ते धोक्यात आलेलं झाड आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे, म्हणून 'पहाडातून आणलंय' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. युरोपातून मागवायचं तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सीमाशुल्क वेगळं.

इतकं होऊनही यूच घ्यायचं ठरलं, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून चार फोटो मागा : दोन्ही टोकांचे, म्हणजे वर्षवलयं दिसतील, आणि प्रत्येक मोठ्या गाठीचे पाठीकडून व पोटाकडून, शेजारी मोजपट्टी ठेवून. गाठीच्या कडेला काळी रेघ दिसली, किंवा फोटो द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवा.