ईव्हीची सर्व्हिसिंग: पॅकेज घ्यावं की लागेल तसं बिल भरावं?

वॉरंटीची पहिली तीन वर्षं संपत आली की सर्व्हिस सेंटरमधून फोन सुरू होतात. 'सर, मेन्टेनन्स पॅकेज रिन्यू करायचंय ना? या महिन्यात ऑफर आहे.' माझ्या ओळखीतले दोघं-तिघं सध्या याच फोनला उत्तर शोधतायत आणि प्रत्येक जण मला विचारतो, तू काय केलंस? पॅकेज म्हणजे काही वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे आधीच भरून टाकायचे, नाहीतर दरवेळी होईल तेवढं सुट्टं बिल. माझं दोन्ही वापरून झालंय. पहिलं पॅकेज गाडी घेताना डिस्काउंटच्या बोलणीत पदरात पडलं होतं. ते संपल्यावर सुट्ट्या बिलावर आलो आणि अजून तिथंच आहे. म्हणजे माझा कल कुठं आहे ते तुम्हाला कळलंच, पण तुमचं गाव, तुमचं रनिंग आणि तुमचं सर्व्हिस सेंटर वेगळं असेल, एवढं धरून वाचा.

आधी पैशांचं संपवून टाकू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि माझ्या मते तिथं फारसं काही नाही. मला पॅकेज तीन वर्षांसाठी अठरा-एकोणीस हजारांच्या घरात सांगितलं होतं. सुट्ट्या बिलात साध्या वर्षी, म्हणजे नुसतं चेकअप, केबिन फिल्टर, वॉशरचं पाणी आणि धुणं, तीन-साडेतीन हजार लागतात. ब्रेक ऑइल बदलायचं वर्ष आलं की पाच-साडेपाच. कूलंट आणि मोटरच्या गिअरबॉक्सचं ऑइल एकाच वर्षी आलं तर आठ-नऊ. बेरीज केली तर दोन्हीकडं जवळजवळ तेवढंच. पॅकेजवाले म्हणतात की लेबरचे दर दरवर्षी वाढतात, त्यामुळं आजचा भाव बांधून मिळतो. खरं आहे. पण ही बचत वर्षाला हजाराच्या आतली. त्यासाठी एवढा खल कशाला?

पॅकेजच्या आत काय आहे आणि बाहेर काय, हे मात्र नीट बघा. पॅकेज ही कल्पना पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांसाठी तयार झालेली. तिथं ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच ही झिजणारी मंडळी. महागातल्या पॅकेजमध्ये 'ब्रेक पॅडसुद्धा इन्क्लूड आहेत सर' असं मोठ्या कौतुकानं सांगतात. आता ईव्हीत बराचसा वेग रीजननंच (पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत भरते) कमी होतो, पॅडला काम लागतं ते शेवटच्या टप्प्यात किंवा अचानक दाबलं तर. माझे पॅड अजून मूळचेच आहेत आणि मेकॅनिकच्या मते बरेच दिवस चालतील. म्हणजे जे झिजत नाही ते पॅकेजच्या आत आणि जे झिजतं ते बाहेर.

झिजतं काय? टायर. बॅटरीमुळं गाडीचं वजन तशाच पेट्रोल गाडीपेक्षा दीडशे-दोनशे किलो जास्त, वर पहिल्या क्षणापासून मिळणारा टॉर्क. सिग्नल सुटल्यावर ज्यांना शेजारच्या गाडीला दाखवून द्यायचं असतं, त्यांचे टायर लवकर संपतात. मग सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबर) आणि लिंक रॉड. मी कराडचा. आमच्या महामार्गाच्या शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या काळात सर्व्हिस रोडवरून ज्यांनी ये-जा केली, त्यांना बुश म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नाही. आणि तिसरी ती बारा व्होल्टची साधी बॅटरी. ती बसली की खाली मोठ्या बॅटरीत ऐंशी टक्के चार्ज असूनही गाडी उठत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा संपर्क जोडणारी यंत्रणा या छोटीवरच चालते. मला दाखवलेल्या पॅकेजात या तिन्हीपैकी एकही नव्हतं.

तरीही पैशांच्या हिशोबावर मी पॅकेज सोडलं नसतं. आधी पैसे भरले की डोक्याला ताप नाही, ही सोय मला आवडते. सोडायला लावलं ते एका वेगळ्याच गोष्टीनं.

प्रत्येक सर्व्हिस सेंटरमध्ये एक 'ईव्हीवाला मुलगा' असतो. मोठ्या शहरात दोन-तीन असतील, आमच्याकडं एकच. हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलेला, रबरी हातमोजे घालून हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायची परवानगी असलेला. तीन-चारशे व्होल्टचा मामला आहे, ट्रेनिंग हवंच, आणि मुलगा खरंच हुशार आहे. पण अडचण अशी की सिस्टीममध्ये गाडी ईव्ही म्हणून नोंदलेली, त्यामुळं जॉब कार्ड त्याच्याच नावावर पडतं. वायपरचं रबर बदलायचं असो की केबिन फिल्टर, गाडी त्याच्याच रांगेत. शेजारी चार मेकॅनिक रिकामे उभे असले तरी ते बॉनेट उघडणार नाहीत. काचेच्या पलीकडं आपली गाडी कोपऱ्यात उभी दिसते, बाजूला पिवळे कोन आणि 'धोका' लिहिलेली पाटी. आपण इकडं मशीनचा चहा पीत बसायचं. अकराला सांगतात, 'साहेब, तुमची गाडी नंबरात आहे.' दोनला सांगतात, 'तो हायवेला ब्रेकडाउन कॉलवर गेलाय.' पाचला सांगतात, 'गाडी ठेवून जाता का? उद्या पहिली घेतो.' ठेवून जातो कुठं? सेंटर दुसऱ्या तालुक्यात, जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, आणि घरी यायला एसटी. पिक-अप ड्रॉप आहे म्हणतात, पण ते त्यांच्या शहरापुरतं.

दुसऱ्या दिवशी गाडी मिळते तेव्हा चार्ज उतरलेला. तिथल्या चार्जरला डेमोची गाडी लावलेली. एकदा तर घरी पोचण्याएवढाही चार्ज नव्हता, म्हणून वाटेत ढाब्यावरच्या चार्जरला थांबलो. निमित्त काय, तर वायपर कुरकुरत होता.

आता हे पॅकेज नसतानाही होईलच की, असं कुणी म्हणेल. होतं, पण वर्षातून एकदा. पॅकेज असलं की आपण प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला तिथंच जातो, कारण पैसे भरलेत. महिन्याची मेस लावली की पाऊस असला तरी डबा आणायला जावंच लागतं, त्यातली गत. पॅकेज संपल्यावर मी कामं दोन भागांत वाटली. वर्षाची ठरलेली सर्व्हिस सेंटरमध्ये. जायच्या आदल्या दिवशी फोन करून 'तुमचा ईव्हीवाला उद्या जाग्यावर आहे का' एवढं विचारतो, नसेल तर तारीख पुढं ढकलतो. बाकीचं सगळं गावात.

गावात काय करता येतं आणि काय नाही, इथं थोडं सावध राहायला हवं. टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, वायपर, बारा व्होल्टची बॅटरी, लिंक रॉड ही कामं ओळखीच्या गॅरेजवाल्याकडं बिनधास्त. बॅटरीच्या दुकानात जुनी दिली की नवीवर सूट मिळते, सेंटरमध्ये ती चर्चाच होत नाही. (माझ्या गाडीला बॅटरी बदलल्यावर काही रीसेट लागलं नाही, तुमच्या मॉडेलचं विचारून घ्या.) पहिल्यांदा अलाइनमेंटवाल्याकडं गेलो तेव्हा तो गाडीखाली वाकून बराच वेळ बघत राहिला. सगळीकडं सपाट पत्रा. 'दादा, जॅक कुठं लावू?' बरं झालं त्यानं विचारलं. तो पत्रा म्हणजे बॅटरीचा तळ. मी मॅन्युअलमधलं चित्र काढून दाखवलं, कडेच्या पट्टीवरच्या चार खुणा. त्यानं त्यावर खडूनं फुल्या मारल्या, रबराचा ठोकळा मध्ये घातला आणि मग उचलली. तुमचा माणूस न विचारता जॅक सरकवणारा असेल, तर त्याच्याकडं ईव्ही नेऊ नका.

एसीचं काम मात्र मी बाहेर करत नाही, आणि हे कुणी सहसा सांगत नाही म्हणून सांगतो. ईव्हीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत नाही, तो मोठ्या बॅटरीच्या व्होल्टेजवरच चालतो. त्याच्या आतलं तेल वीज वाहू न देणारं असतं. बाहेरच्या एसीवाल्याच्या मशीनमध्ये साध्या गाड्यांचं तेल असतं. ते यात मिसळलं की इन्सुलेशनचा फॉल्ट येऊ शकतो आणि मग गॅस भरून वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट कॉम्प्रेसरला जातात. तीच गोष्ट कूलंटची. रंग बघून डबा ओतणाऱ्याचं हे काम नाही, कंपनीनं सांगितलेलाच लागतो. नारिंगी केबल जिथं जिथं जाते, तिथं आपण आणि गावचा मिस्त्री दोघांनीही हात मागं घ्यायचा.

'बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल' हे वाक्य तुम्हाला सेंटरमध्ये ऐकायला मिळेलच. ते जरा सैल धरा. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच साखळीत अडकवून ठेवल्याबद्दल. त्या आदेशात असंही म्हटलं होतं की ग्राहक बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामानं जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच नाकारावी. प्रकरण पुढं अपिलात गेलं आणि तुमच्या गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेतल्या अटी आहेत त्या आहेतच. पण अलाइनमेंट बाहेर केली म्हणून बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी गेली, असं कुणी काउंटरवर सांगत असेल तर ते लेखी मागा. वार्षिक सर्व्हिस वेळेवर, अधिकृत ठिकाणी आणि सिस्टीममध्ये नोंदलेली, हे मात्र मी सोडलेलं नाही. बॅटरीचा क्लेम करायची वेळ आली तर पहिली तीच नोंद बघतात.

सुट्ट्या बिलाचा त्रास नाही असं नाही. दरवेळी व्हॉट्सअॅपवर एस्टिमेट येतं आणि त्यात नको त्या ओळी असतात: एसी डिसइन्फेक्शन, हेडलाइट पॉलिश, अंडरबॉडी कोटिंग. एकदा 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग' आलं होतं. ती असते पेट्रोल इंजिनात, माझ्या गाडीला थ्रॉटल बॉडीच नाही म्हटल्यावर अॅडव्हायझर म्हणाला, 'टेम्प्लेटमधून आलं असेल सर.' या ओळी एकेक करून खोडायच्या, मगच 'ओके' पाठवायचं. ज्यांना 'नको' म्हणायचा संकोच वाटतो, त्यांना पॅकेज स्वस्त पडेल. अर्थात पॅकेजवाल्यांनाही या ओळी येतातच, फक्त बाकीचं बिल शून्य असल्यामुळं मन मोठं होतं.

एक ओळ मात्र मी खोडत नाही: ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) क्लीनिंग आणि ग्रीसिंग. पॅड झिजत नाहीत याची दुसरी बाजू अशी की ब्रेक वापरलेच जात नाहीत. पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो, कॅलिपरच्या पिना जाम होतात. कोकणात खाऱ्या हवेत तर जास्तच. वर्षातून एकदा हे करून घ्यावं, आणि पावसाळ्यात मोकळ्या रस्त्यावर रीजन कमी करून चार-दोनदा जोरात ब्रेक दाबावा.

पॅकेज कुणी घ्यावं? पुण्या-मुंबईत, घराजवळ सेंटर, तिथं दोन-तीन ईव्हीचे मेकॅनिक आणि पिक-अप खरोखर दारातून, असं असेल तर माझी सगळी तक्रार तुम्हाला लागू होत नाही. रनिंग भरपूर असेल, किलोमीटरच्या हिशोबानं वर्षात दोन-तीन सर्व्हिस पडत असतील, तरी घ्या. मुलं बाहेरगावी आणि गाडी आई-बाबा वापरतात, अशा घरात तर नक्की घ्या. बिलावरून काउंटरवर हुज्जत घालायची वेळ त्यांच्यावर यायला नको. माझ्यासारखं तालुक्याच्या गावी राहणं असेल, वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर आणि हाताशी एक विचारून जॅक लावणारा माणूस असेल, तर माझ्या मते सुट्टं बरं.

पॅकेजचा फोन येतो तेव्हा त्याच दमात एक्स्टेंडेड वॉरंटीचंही बोलणं असतं आणि दोन्हीची मिळून एकच रक्कम सांगतात. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या करून मागा. आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर म्हणतात ते बहुतेक गाड्यांत बॅटरी आणि मोटरपुरतं. स्क्रीन, पॉवर विंडो, एसी कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत आतला चार्जरसुद्धा साध्या वॉरंटीत येतो, आणि ती लवकर संपते. यातला एक भाग गेला तरी कित्येक वर्षांच्या सर्व्हिसिंगएवढं बिल होतं. मी पॅकेजला नाही म्हटलं आणि एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली. ती बहुतेक ठिकाणी मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते आणि जितका उशीर कराल तितकी साधारणपणे महाग होत जाते, तेव्हा फोन आल्यावर आधी तिचा भाव विचारा.