सैनिक पेन्शनीत जावेत की चिरतरुण राहावेत?

2012 च्या 'एक्सकॉम: एनिमी अननोन' या व्हिडिओ गेममध्ये शिपाई जखमी होतो, मरतो, म्हातारा मात्र होत नाही. जपलेला नेमबाज शेवटच्या मोहिमेपर्यंत हाताशी राहतो, हा फायदा. पण मग तेच चार-सहा पट्टीचे गडी सगळीकडे धाडले जातात आणि नवी भरती बराकीत बसून राहते.

'मॅसिव्ह चॅलिस' (2015) या दुसऱ्या गेममध्ये युद्धच 300 वर्षांचं. वीर थकतात, वयानं मरतात. कुणाला ऐन भरात रणातून काढून गढीवर बसवायचं, त्याचं लग्न कुणाशी लावायचं, हे वेळेत ठरवलं नाही तर पुढची पिढीच नाही! हा निर्णय लढाईपेक्षा अवघड जातो. एखाद्याला नव्या पोरांना शिकवायलाही नेमता येतं, आणि मला हेच जास्त आवडलं. आमच्या कोकणात, महाडकडच्या फौजी आंबवड्यात घरोघरी फौजी. पेन्शनीत आलेला सुभेदार रिकामा बसत नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

मोहीम काही महिन्यांचीच असेल, तर वय मोजणं ही नुसती कटकट. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या गेममध्ये मात्र मी म्हातारपणाच्याच बाजूचा. फक्त गडी कधी थकणार याचा अंदाज आधी मिळायला हवा.