शाफ्ट घरीच बदलायचाय: स्टील की ग्राफाइट?

चेंबूरला गोल्फ खेळणारा माझा मामेभाऊ सेव्हन आयर्न या त्याच्या गोल्फच्या काठीचा शाफ्ट (म्हणजे दांडा) घरीच बदलणार आहे पण स्टील की ग्राफाइट यावर अडलाय, म्हणून लिहितोय.

मेहनतीत खरा फरक आहे. स्टील असेल तर हीट गनने होजल (हेडची, म्हणजे चेंडू मारायच्या भागाची, शाफ्ट बसतो ती नळी) तापवा, इपॉक्सी म्हणजे आतला गोंद सुटला की हेड पिळून निघतं. ग्राफाइट पिळायचा नाही, आतले तंतू तुटतात, सरळ खेचणारा पुलर लागतो. बसवताना स्टीलचं टोक बिनधास्त घासा, ग्राफाइटचा मात्र नुसता रंग काढायचा, रंगाच्या खाली घासलंत की टोक कमजोर झालंच समजा. कापायला स्टीलला पाइप कटर चालतो, ग्राफाइटला टेप गुंडाळून बारीक दातांची करवत, आणि मास्क लावाच, ती धूळ वाईट. इपॉक्सी दोन्हीकडे २४ तास वाळू द्या.

किंमतीत साधारण स्टील स्वस्त. टिकायला दणकट, पण वरचा क्रोमचा थर उडाला तर आपल्या पावसाळ्यात गंज धरतो. ग्राफाइट गंजत नाही, खोल ओरखडा मात्र सहन होत नाही.

पहिल्यांदाच करताय, स्विंग जोरदार आहे, तर स्टील. कोपर दुखतं किंवा स्विंग हळू आहे, तर हलका ग्राफाइट. फक्त आधी शाफ्टच्या टोकाचं माप बघा, आयर्नला ०.३५५ किंवा ०.३७० इंच असतं.