गवताची बेल बांधून घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डेअरी चालवणाऱ्या आणि यंदा पावसानंतर गवताच्या बेल, म्हणजे मशीनने दाबून बांधलेले गठ्ठे, बांधून घेणार असलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितो आहे. ज्याने मला फसवलं त्याचं नाव लिहीत नाही. तसा एकच माणूस फिरत असेल असंही मला वाटत नाही.

१६ मार्च २०१८ ला खाणी बंद झाल्या, तेव्हा मी खनिजाचा ट्रक विकून गायी घेतल्या. आज दुभत्या सात आहेत. आपल्याकडे चाऱ्याचं दुखणं काय असतं हे गाय पाळणाऱ्याला सांगायला नको. ऑक्टोबरात डोंगर हिरवागार असतो, आणि मार्च संपता संपता त्याच उतारावर करडाची काडी तेवढी उभी राहते, जनावर तोंड लावत नाही. मग घाटावरून पेंढा आणायचा, गाडीवाला सांगेल तो भाव द्यायचा. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की भाटातलं, म्हणजे बागायतीतलं, आणि उतारावरचं गवत फुलोऱ्यात असतानाच कापायचं, अर्धवट सुकवायचं आणि बेल करून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवायचं. मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला चारा, तुम्हाला माहीत आहेच. हा तसाच प्रकार, फक्त गवत आधी उन्हात इतकं वाळवायचं की त्याच्या वजनात पाणी साधारण निम्मं उरेल. हवा बंद झाली की आत आंबटपणा तयार होतो आणि चारा महिनोन्‌महिने टिकतो.

ओळखीतल्या एकाने मशीनवाल्याचा नंबर दिला. ट्रॅक्टरवर चालणारा, बेल बांधणारा छोटा बेलर, मागे कागद गुंडाळायचं रॅपर. बोलायला माणूस गोड. "भाऊ, साठ किलोची बेल, सहा थर कागद, बेलमागे दोनशे रुपये. एप्रिलात उघडा, आजच्यासारखा वास येईल." कागदाच्या रोलचा खोकाही दाखवला, पांढरा, उन्हाला टिकणारा. दहा हजार मी त्याच्या मोबाईलवर पाठवले. बिल मागितलं नाही. ही माझी पहिली चूक.

गवत सकाळी आठला कापलं, दव तसंच होतं. मी म्हटलं, आजचा दिवस उन्हात पसरू, दुपारी एकदा उलटू, उद्या बांधू. त्याला दुसऱ्या दिवशी दोडामार्गाला जायचं होतं. "मशीन दाबून पाणी काढतं, काळजी करू नका," म्हणाला. आई पायरीवर बसून बघत होती. तिने मूठभर गवत पिळलं, बोटांमधून पाणी ठिबकलं. "अरे, हे ओलं आहे," एवढंच म्हणाली. मी तिचं ऐकलं नाही. मशीन दारात उभी, मजूर बोलावलेले, आभाळाचा भरवसा नाही, अशा वेळी माणूस समोरच्याचंच खरं मानतो.

माझा अंदाज ऐंशी बेलचा होता. झाल्या एकशे अठरा. आम्हाला आनंद झाला, गवत जास्त निघालं म्हणून. उरलेले तेरा हजार सहाशे त्याच संध्याकाळी दिले.

खरी गोम तिथेच होती. पैसे बेलमागे ठरले होते, म्हणून त्याने बेल सैल बांधल्या. गवत तेवढंच, बेल अडतीस जास्त, म्हणजे सात हजार सहाशे रुपये तिथेच गेले. आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे सैल बेलमध्ये हवा राहते. हवा राहिली की आंबणं नीट होत नाही, बुरशी लागते. हे मला एप्रिलात कळलं, काजू तोलायच्या काट्यावर दहा बेल चढवल्या तेव्हा. सरासरी एकेचाळीस किलो. ओलं गवत असूनही.

पहिली बेल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उघडली. चांगल्या बेलला आंबूस-गोडसर वास येतो आणि गवताचा रंग पिवळट-हिरवा राहतो. माझ्या बेलला खवट लोण्यासारखा वास होता, आत काळपट चिखल, कडेने पांढरी-निळी बुरशी. काही बेल कडेला चांगल्या दिसल्या म्हणून वरचं काढून बाकीचं दोन दिवस घातलं. ही दुसरी चूक, आणि ही मला जास्त लागते. सात महिन्यांची गाभण गौरी चारा सोडून बसली. डॉक्टर आले आणि म्हणाले, बुरशीचा चारा आधी बंद करा, गाभण जनावराला तर अजिबात नको. गौरी वाचली, वासरूही नीट झालं, पण ते चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

मग मी ब्लेडने एका बेलचा कागद चौकोनी कापला आणि थर नखाने सोडवले. तीन निघाले. वरचा एक पांढरा, खालचे दोन पारदर्शक, दुकानात खोकी गुंडाळायला वापरतात तसले. तो कागद उन्हासाठी केलेलाच नसतो. पांढरा पातळ ताणलेला, दुपारच्या उन्हात जागोजागी चिरलेला, त्यातच कावळ्यांनी चोची मारलेल्या. एकशे अठरापैकी त्र्याहत्तर बेल खड्ड्यात गेल्या.

फोन केला तर म्हणाला, "तुम्हीच ओलं गवत दिलंत." नंतर फोन उचललाच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी काम करून घेणाऱ्यालाही ग्राहक म्हणून तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पण माझ्याकडे पैसे पाठवल्याची नोंद तेवढी आहे. साठ किलो, सहा थर, पांढरा कागद, यातलं एक अक्षर लेखी नाही.

म्हणून सांगतो, भाव किलोवर ठरवा, आणि बेल गुंडाळण्याआधी दर दहातली एक काट्यावर चढवा. रॅपर चालू असताना तिथून हलू नका. कागद अर्ध्यावर अर्धा चढत असेल तर बेल एकदा पूर्ण झाकली की दोन थर होतात, सहा थरांना ती तीनदा झाकली गेली पाहिजे. पहिलीच बेल कापून थर मोजा, एका बेलचा कागद गेला तरी चालेल. रोल संपून नवा लावला की तो हातात घेऊन बघा, मला दाखवलेला खोका आणि मशीनवर चढलेला रोल एक नव्हते. मूठभर गवत पिळून पाणी ठिबकलं तर मशीन परत पाठवा, मग तो कितीही ओरडो. आणि निम्मे पैसे दीड-दोन महिन्यांनी, एक बेल उघडून बघितल्यावर द्यायचे, असं कागदावर लिहून घ्या. हे ऐकून जो निघून जाईल त्याला जाऊ द्या.

माझ्या गोठ्यामागे त्या कागदाचा ढीग अजून पडला आहे, जाळता येत नाही. कापलेला चौकोनी तुकडा मी तारखेसह पिशवीत घालून ठेवला आहे. तक्रार लिहून झाली आहे, सोमवारी पर्वरीला ग्राहक आयोगात नेऊन देणार आहे. त्या मशीनवाल्याने आणखी कुणाच्या बेल बांधल्या असतील, तर त्यांनीही आपापल्या बेलचा कागद कापून थर मोजावेत आणि मला कळवावं.