दोन जीटीएक्स ९६० एकत्र: तीन वर्षं वापरून

गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या मित्राने मला एक फोटो पाठवला. टेबलावर दोन जीटीएक्स ९६०, म्हणजे एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं, शेजारी एसएलआयचा ब्रिज. एसएलआय म्हणजे दोन कार्डं जोडून एकत्र चालवायची एनव्हिडियाची सोय. "ताई, जोडी साडेसहा हजारांत मिळतेय. तुम्ही वापरली होतीत ना? घेऊ का?" फोनवर मी त्याला अर्धा तास सांगत बसले. तेच इथे नीट लिहून ठेवते, कारण अशा जोड्या अजून विकायला येतात आणि घेणारे बहुतेक पोरवयाचे असतात, साठवलेल्या पैशातून घेणारे.

मी नाशिकची. अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करते आणि रात्री खेळते. पहिलं ९६० मी २०१५ च्या मार्चमध्ये घेतलं. पंचवटीने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोडवर दुपारपर्यंत भाव विचारत फिरणं. कार्ड साडेसोळा हजारांना पडलं. त्याच्या वरचं ९७० तेव्हा तीस हजारांच्या आसपास होतं, ते झेपण्यासारखं नव्हतं. मनात हिशेब असा होता की आज एक घ्यावं, दिवाळीच्या बोनसवर दुसरं घ्यावं, म्हणजे ९७० च्या पुढचं काहीतरी हातात येईल. म्हणूनच मदरबोर्ड झेड ९७ चा घेतला, प्रोसेसरच्या सोळा लेन, म्हणजे माहिती ने-आण करायच्या वाटा, दोन कार्डांना आठ-आठ अशा वाटून देणारा. बी ८५ च्या स्वस्त बोर्डांवर एसएलआय चालत नाही, हे तेव्हा पुष्कळांना दुसरं कार्ड घरी आणल्यावर कळायचं.

दुसरं कार्ड डिसेंबरात आलं. दुकानदाराने बिल करताना सांगितलं, "दोन आणि दोन, चार जीबी झाली तुमची." ही गोष्ट खरी नाही, आणि या जोडीबद्दल एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हेच ठेवा. दोन्ही कार्डं आळीपाळीने फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, काढतात, एक याने, पुढची त्याने. म्हणजे प्रत्येकाला संपूर्ण देखावा स्वतःजवळ ठेवावा लागतो. तोच माल दोन गोदामांत भरलेला. खेळाच्या दृष्टीने मेमरी दोन जीबीच राहते.

बसवायला फार त्रास नाही. प्रत्येक कार्डाला सहा पिनांची एक वायर पुरते, माझा साडेपाचशे वॅटचा सप्लाय पुरून उरला. ब्रिज म्हणजे बोटभर लांबीची चपटी लवचिक पट्टी. ती दोन्ही कार्डांच्या माथ्यावरच्या कनेक्टरवर सरळ दाबायची, तिरकी बसली तर ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दुसरं कार्ड दिसतं पण एसएलआयचा पर्यायच येत नाही. मी पहिल्यांदा तिरकीच बसवली होती. काढून पुन्हा दाबली, पर्याय निवडला, पडदा दोन-तीन सेकंद काळा झाला आणि परत आला. तो क्षण मला आजही आठवतो.

आणि जिथे जमलं तिथे काय जमलं! २०१३ च्या टूम रेडरमध्ये एका कार्डावर सेकंदाला ५७ च्या आसपास फ्रेम्स मिळत होत्या, दोघांवर शंभरी ओलांडली. बॅटलफील्ड ४ मध्येही तसंच. विचर ३ एका कार्डावर चाळिशीच्या खाली रेंगाळायचा, दोघांवर साठीला टेकला. ज्या खेळाचं प्रोफाइल, म्हणजे काम दोन कार्डांत कसं वाटायचं याच्या सूचना, ड्रायव्हरमध्ये चांगलं होतं, तिथे ही जोडी ९७० च्याही वरच्या जीटीएक्स ९८० च्या बरोबरीने धावायची. तेहतीस हजारांत ९८० ची चाल. मी तेव्हा फार खूश होते आणि तो आनंद खोटा नव्हता.

पण भाऊ शेजारी बसून बघत होता, तो म्हणाला, "ताई, आकडा साठ दाखवतोय, पण अडखळतंय." मी ऐकेना. मग कोपऱ्यात फ्रेमच्या वेळेचा आलेख लावला. सरळ रेघ यायला हवी होती, तिथे करवतीचे दात होते. साठच्या गतीला दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम यायला हवी. माझ्याकडे एक ८ मिलिसेकंदांनी येत होती आणि पुढची २५ नी. दोन्ही मिळून ३३, म्हणजे सरासरी साठच. डोळ्याला मात्र ती २५ ची थांबण जाणवते, चाळीस फ्रेम्सवर खेळल्यासारखं वाटतं. गणपतीत दोन ढोलवाले आळीपाळीने टोल देताना एकाचा हात जरा लवकर पडायला लागला की मिनिटाचे टोल तेवढेच भरतात, पण ठेका लंगडतो. तसंच हे. यालाच मायक्रोस्टटर म्हणतात.

यावर मला सापडलेला उपाय सांगते, कारण ज्यांच्याकडे आधीच जोडी आहे त्यांना तो लागेल. रिवाट्यूनर नावाच्या प्रोग्रॅममध्ये फ्रेम्सला साठची मर्यादा घाला. दोन्ही कार्डांना थोडा दम राहिला की करवत बरीच बोथट होते. मी विचर ३ संपूर्ण असाच खेळले आणि मन लावून खेळले.

मेमरीवर मात्र उपाय नाही. जीटीए ५ मध्ये टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांची बारकाई, वर नेले की मेमरीचा मीटर दोन हजार एमबीशी चिकटून बसायचा आणि गाडी वेगात शहरात शिरली की चित्र अर्धा सेकंद गोठायचं. दोन कार्डांची ताकद असून टेक्स्चर खाली आणावे लागले.

उन्हाळ्याचं वेगळंच. माझी कार्डं उघड्या पंख्यांची, गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडणारी. खालचं कार्ड जी हवा सोडतं तीच वरचं ओढून घेतं. नाशिकच्या मे महिन्यात खालचं ६९ अंशांवर आणि वरचं ८३ वर. ते तापून गती कमी करायचं आणि त्याच्यासाठी दुसरंही थांबायचं. सगळे उन्हाळे मी बाजूचं झाकण काढून, टेबलफॅन लावून काढले. तुमच्या बोर्डावर दोन स्लॉटच्या मध्ये एका बोटाचीही जागा राहत नसेल तर या भानगडीत पडू नका.

पुढे नवे खेळ येत गेले तसं जोडीचं काम कमी होत गेलं. कडा गुळगुळीत करण्याची जी नवी पद्धत आली ती आधीच्या फ्रेमची माहिती वापरते, आणि आधीची फ्रेम तर शेजारच्या कार्डात असते. ती तिथून आणेपर्यंत फायदाच संपतो. डायरेक्टएक्स १२ ने, म्हणजे विंडोजवर खेळ आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने, काम दोन कार्डांत वाटण्याची जबाबदारी ड्रायव्हरकडून खेळ बनवणाऱ्यांवर टाकली, आणि मोजक्याच जणांनी ती घेतली. मी रात्र-रात्र दुसऱ्या खेळांची प्रोफाइलं लावून पाहायचे. कुठे सावल्या लुकलुकायच्या, कुठे पाणी काळं व्हायचं. दुसरं कार्ड नुसतं बसून असायचं.

जुलै २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० आलं. सहा जीबी, १२० वॅट, म्हणजे माझ्या एकाच कार्डाइतकी वीज, आणि चाल साधारण ९८० एवढी. माझी जोडी जे कधी कधी करायची ते हे कार्ड प्रत्येक खेळात करत होतं. त्याच्यावर एसएलआयचा कनेक्टरच ठेवलेला नव्हता. २०२१ च्या जानेवारीपासून तर जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइलं देणंही एनव्हिडियाने थांबवलं. त्यानंतरच्या खेळांसाठी या जोडीला ड्रायव्हरकडून नवी प्रोफाइलं मिळणार नाहीत.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, साडेसहा हजार एकाच कार्डात घाल, किमान चार जीबी असलेल्या. जोडी कोणी घ्यावी? ज्याला २०१० ते २०१५ चे खेळच खेळायचे आहेत, बोर्ड आधीपासून एसएलआयचा आहे आणि जोडणी करण्यातच ज्याला गोडी आहे, त्याने. त्यानेही ती तीन-साडेतीन हजारांच्या वर घेऊ नये, आणि घेताना दोन्ही कार्डं वेगवेगळी लावून अर्धा अर्धा तास चालवून बघावीत. वरच्या स्लॉटमध्ये राहिलेलं कार्ड आयुष्यभर तापलेलं असतं. माझ्या वरच्या कार्डाचा पंखा २०१९ मध्ये घरघरायला लागला, तेव्हाच मी जोडी सोडली.

खालचं अजून ठणठणीत आहे, आईच्या कॉम्प्युटरमध्ये. ब्रिज ड्रॉवरमध्ये पडून आहे. नाशिकमध्ये कोणाच्या जोडीचा ब्रिज हरवला असेल तर कळवा, घेऊन जा.